पुली ठोकायची नसते

गाडीचं बॉनेट उघडून पट्ट्याच्या बाजूने वाकून पाहिलं की चार-पाच पुल्या दिसतात. सगळ्यांत खाली क्रँकची, मग अल्टरनेटरची, एसीची, पाण्याच्या पंपाची. या सगळ्या मधोमध एखाद्या नटाने नाहीतर बोल्टांनी धरलेल्या. पॉवर स्टिअरिंगच्या पंपाची पुली मात्र बऱ्याच गाड्यांत फसवी निघते. मध्ये नट नाही, बोल्ट नाही. दिसतं ते शाफ्टचं गोल तोंड, त्यात आटे पाडलेलं भोक आणि पुलीच्या मधोमध पुढे आलेल्या नाकाडावर भोवताली कोरलेली एक खाच. नवखा पोऱ्या नट शोधत बसतो. जरा मुरलेला असेल तर हातोडा शोधतो, आणि खरं नुकसान तिथून सुरू होतं.

ती खाच शोभेची नाही. ती हत्यारासाठी ठेवलेली जागा आहे. पुली कोणत्या हत्याराने काढायची हे कारखान्याने पुलीवरच लिहून ठेवलंय म्हणा ना. पण ते हत्यार गॅरेजात असेलच याची खात्री नाही, आणि नसेल तर काय काय होतं याच्या सुरस कथा पुण्याच्या नाना पेठेतल्या कुठल्याही स्पेअर पार्टवाल्याच्या काउंटरवर ऐकायला मिळतात. फिरायला लागली की डुगडुगणारी पुली, दर आठवड्याला उडणारा पट्टा, ‘नवीनच बसवलाय हो’ असं म्हणत परत आणलेला पंप. पंप परत घ्यायला कोणी तयार नसतं. पुलीच्या कडेवरचे हातोड्याचे डाग पाहिले की दुकानदार पंप उघडायच्या भानगडीतसुद्धा पडत नाही.

मुळात पुली काढायचीच कशाला? पंप गेला तर पंप बदलावा. अडचण अशी की नवा किंवा दुरुस्त केलेला पंप बहुतेक वेळा पुलीशिवाय येतो. एकच पंप वेगवेगळ्या इंजिनांवर बसतो आणि प्रत्येक इंजिनाच्या पुलीचा व्यास, खोली, खाचा निराळ्या असतात; म्हणून जुन्या पंपाची पुली उतरवून नव्यावर चढवावी लागते. काही गाड्यांत पंपाचे बोल्ट पुलीच्या मागे दडलेले असतात, तिथे पुली काढल्याशिवाय पंपच बाहेर येत नाही. कधी पंप ठणठणीत असतो, फक्त शाफ्टच्या ऑइल सीलमधून गळती असते. पाच-पन्नास रुपयांच्या रबरी सीलसाठीही आधी पुली उतरवणं आलंच.

ही पुली शाफ्टवर टिकते ती निव्वळ आवळपणावर. शाफ्ट पुलीच्या भोकापेक्षा मिलिमीटरच्या काही शतांश भागाने जाड ठेवतात. पुली दाबून चढवली की तिचं भोक किंचित ताणलं जातं आणि ते ताणलेलं पोलाद शाफ्टला कायमचं आवळून धरतं. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवण्यामागचं गणित हेच. फरक इतकाच, की लोहार धाव लाल करून चढवतो आणि पाणी मारून आवळतो. पुलीला ती चैन नाही. एकोणीस मिलिमीटरच्या भोकाला शंभर अंश जास्त तापवलं तर ते जेमतेम दोन शतांश मिलिमीटरने मोठं होतं, आणि शाफ्टला टेकताच ती उष्णता शाफ्टमध्ये पळते. मागे रबरी सील, आत तेल. काही पुल्या तर धातूच्या नसतातच, कडक प्लास्टिकच्या असतात. म्हणून ‘जरा गॅस मारू’ ही सूचना आली की तिथेच थांबवावी. तेल पेटू शकतं आणि सील जातं, शिवाय पुली सुटेलच याची हमी नाही.

आता पंपाच्या पोटात बघू. मधोमध एक रोटर, त्याच्या खाचांत सरकणारी पाती, भोवती लंबगोल पोकळी असलेलं कडं आणि दोन्ही बाजूंना चकत्या. रोटर फिरला की पाती बाहेर पडून कड्याला घासत जातात, तेल ओढतात आणि दाबून पुढे ढकलतात. स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवून धरलं की दाब सत्तर ते शंभर बारपर्यंत चढतो. टायरमधल्या हवेच्या तीस-चाळीस पट. एवढा दाब राखायचा तर रोटर आणि चकत्यांमधली फट केसाच्या जाडीपेक्षाही कमी लागते. शाफ्ट मागच्या टोकाला एका बारीक रिंगने रोटरशी अडकवलेला असतो. पुली नव्या पंपावर ठेवून वर लाकडाचा ठोकळा धरून चार हातोडे घातले, की प्रत्येक घाव शाफ्टवाटे थेट या रिंगवर आणि चकतीवर जातो. पुली बसते. पंपही सुरू होतो. मग महिन्याभराने त्यातून घरघर येऊ लागते आणि दोष नव्या पंपाच्या कंपनीवर जातो.

हा सगळा खटाटोप ज्या यंत्रासाठी, त्याची जन्मकथा अमेरिकेतली. पिअर्स-अ‍ॅरो कंपनीच्या ट्रक विभागात फ्रान्सिस डेव्हिस नावाचा इंजिनिअर होता. जड ट्रकचं स्टिअरिंग ओढून चालकांचे हाल होतात हे रोज पाहणारा माणूस. नोकरी सोडून त्याने मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थम गावी छोटं वर्कशॉप थाटलं आणि १९२६ साली एका पिअर्स-अ‍ॅरो गाडीत तेलाच्या दाबावर चालणारं स्टिअरिंग बसवून डेट्रॉइटला नेऊन दाखवलं. जनरल मोटर्सने करार केला, पण मंदी आली आणि १९३४ च्या सुमारास महागडं म्हणून प्रकरण बासनात गेलं. मग बेंडिक्स कंपनीने ते उचललं. दुसऱ्या महायुद्धात चिलखती गाड्यांना ते बसलं. युद्धावर खर्चाचा हिशेब कोण विचारतो! सामान्य गिऱ्हाइकासाठीच्या मोटारीत ते आलं १९५१ साली, क्रायस्लरच्या इम्पीरियलमध्ये, ‘हायड्रागाइड’ या नावाने. तोपर्यंत डेव्हिसच्या मूळ पेटंटांची मुदत संपली होती. मग जनरल मोटर्सलाही जाग आली आणि पुढच्याच वर्षी कॅडिलॅकमध्ये पॉवर स्टिअरिंग मिळू लागलं.

जनरल मोटर्सचं हे काम चालायचं मिशिगन राज्यातल्या सॅगिनॉ गावी. तिथल्या स्टिअरिंगच्या कारखान्याची मुळं १९०६ सालापर्यंत जातात. त्याच कारखान्याचा वारसा आज नेक्स्टीअर या नावाने चालतो. २०१० पासून मालकी चिनी आहे. सॅगिनॉचा पंप अमेरिकेत घरोघरी पोचला. सुरुवातीच्या पंपांत शाफ्टला ‘की’, म्हणजे पुली घसरू न देणारी पाचर, बसवलेली असे आणि तोंडाशी नट. पुढे की गेली, नट गेला आणि नुसती दाबून बसवलेली पुली आली. कारखान्याच्या बाजूने पाहिलं तर निर्णय चोख होता: शाफ्टला कीची खाच पाडणं वाचलं, पुलीला पाडणं वाचलं, नट वाचला, आणि प्रेसच्या एका दाबात काम फत्ते. वाचलेल्या प्रत्येक पैशाचा त्रास मात्र गॅरेजच्या वाट्याला आला. त्याच्यावरचा उतारा म्हणून केंट-मूर या हत्यारं बनवणाऱ्या कंपनीची दोन हत्यारं जनरल मोटर्सच्या दुरुस्ती पुस्तकांत आली. ‘जे २५०३४’ पुली काढायला आणि ‘जे २५०३३’ बसवायला. आज जगभर, आणि आपल्याकडेही, या कामाचे जे डबे मिळतात ते थोड्याफार फरकाने याच जोडीची नक्कल असतात.

काढायचं हत्यार हातात घेतलं की आधी दोन अर्ध्या बांगड्या दिसतात, आतल्या कडेला ओठ असलेल्या. त्या पुलीच्या नाकाडावरच्या खाचेत दोन बाजूंनी बसवायच्या. त्या उघडू नयेत म्हणून वरून एक जाड नळी सरकवायची. आणि मधून जातो एक जाड स्क्रू. त्याचं टोक शाफ्टच्या तोंडाला टेकतं. एका पान्याने हत्याराचं अंग धरायचं, दुसऱ्याने स्क्रू फिरवायचा. अर्ध्या बांगड्या पुलीला बाहेर ओढतात, स्क्रू शाफ्टला आत ढकलतो; जेवढी ओढ तेवढीच ढकल. जोर हत्यारातून निघतो, पुलीत जातो, शाफ्टमधून फिरून परत हत्यारात येतो. पंपाच्या पोटाला त्याचा पत्ताही लागत नाही.

बसवायचं हत्यार याच्या उलट. शाफ्टच्या भोकातल्या आट्यांत एक स्टड पिळून बसवायचा, त्यावर पुली, पुलीवर बेअरिंग आणि बेअरिंगवर लांबट नट. स्टड धरून नट फिरवला की पुली आत सरकते आणि शाफ्ट तेवढ्याच जोराने बाहेर ओढला जातो. इथेही वर्तुळ पूर्ण. हत्यार निवडताना स्वतःला विचारायचा प्रश्न हाच: जोर कुठून कुठे जातो आणि कुठे परत येतो? हातोड्याचा जोर परत येत नाही, तो पंपातून जातो.

याच कसोटीवर दुसरी एक लोकप्रिय कल्पना नापास होते. हातोडा नको तर लेथवाल्याकडे हायड्रॉलिक प्रेस असतोच, त्यावर दाबून आणू. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण पंप प्रेसवर ठेवणार कसा? शाफ्टचं मागचं टोक पंपाच्या आत बंद. त्याला खालून आधार देता येत नाही. म्हणजे दाब पुन्हा शाफ्टवाटे रोटरच्या रिंगवर आणि चकत्यांवर. हातोड्याने जे चार घावांत होतं ते प्रेस एकाच सावकाश दाबात करतो, शिवाय आवाज न करता, त्यामुळे काही बिघडलं असं कोणाला वाटत नाही.

बेअरिंग काढायचा तीन पायांचा पुलर प्रत्येक गॅरेजात खुंटीला टांगलेला असतो. त्याच्या बाबतीत न्याय करायला हवा. त्याचाही जोर पुली आणि शाफ्ट यांच्यातच फिरतो, पंपाला तो काही करत नाही. त्याचा दोष वेगळा. त्याचे पाय पुलीच्या बाहेरच्या कडेला धरतात, आणि पुली घट्ट बसलेली असते मधल्या नाकाडापाशी. पत्र्याची पुली असेल तर कडा पुढे येतात, नाकाड जागेवर राहतं आणि पुलीची बशी होते. प्लास्टिकची असेल तर तुकडा निघतो. पुली जाड ओतीव असेल आणि पाय आतवर, नाकाडाच्या मागे पोचत असतील, तर चालून जातं. दोन पायांचा पुलर मात्र नकोच. तो तिरका ओढतो.

जोर किती लागतो? हिशेब करून पाहण्यासारखा आहे. सॅगिनॉ पंपाच्या शाफ्टमधले आटे तीन-अष्टमांश इंची, इंचाला सोळा. म्हणजे नट एक फेरा फिरला की पुली साधारण १.६ मिलिमीटर सरकते. वीस सेंटिमीटर लांबीच्या पान्याचं टोक तेवढ्यात सव्वा मीटर फिरतं. कागदावर हा फायदा जवळजवळ आठशे पटींचा. पान्यावर वीस किलोचा हात टाकला तर सोळा टन मिळायला हवेत. मिळतात सुमारे दोन. उरलेले सात-अष्टमांश घर्षण खाऊन टाकतं. स्क्रूच्या आट्यांना आणि बेअरिंगला ग्रीस लावणं हा नुसता उपचार नाही, हे यावरून कळेल. कोरड्या आट्यांवर मिस्त्री पान्याला पाइप लावून जोर काढतो, तो जोर पुलीला मिळतच नाही. आटे मात्र सोलून निघतात.

याच दोन टनांवर एक जुगाड तपासून घेऊ, कारण ते गॅरेजात सर्रास चालतं आणि ते पूर्णपणे टाकाऊ नाही. बसवायचं हत्यार नसलं की लांब बोल्ट घेतात, त्यावर नट आणि तीन-चार वायसर चढवतात, बोल्ट शाफ्टच्या आट्यांत पिळतात आणि नट फिरवून पुली दाबतात. तत्त्व तेच, जोराचं वर्तुळ पूर्ण. प्रश्न बोल्टच्या जातीचा. हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळणारा साधा ४.६ ग्रेडचा दहा एमएमचा बोल्ट चौदाशे किलोच्या आसपास लांबायला लागतो. आपल्याला हवेत दोन हजार. ८.८ चा बोल्ट साडेतीन टनांच्या पुढे, १०.९ चा पाच टनांच्या पुढे टिकतो. बोल्टच्या डोक्यावर हा आकडा कोरलेला असतो, पण दुकानात बोल्ट घेताना तो वाचणारी माणसं मला फार भेटली नाहीत. लांबलेला बोल्ट शाफ्टमध्ये अडकला, तुटला, की मग टॅप आणि ड्रिल घेऊन दुपार घालवायची. जुगाड करायचंच तर १०.९ चा बोल्ट, शाफ्टमध्ये आटे निदान दीड व्यासाइतके खोल गेलेले, वायसरच्या जागी एखादं जुनं थ्रस्ट बेअरिंग आणि भरपूर ग्रीस. आणि बोल्टचं डोकं पान्याने पकडून फक्त नट फिरवायचा. बोल्ट फिरू लागला तर समजावं की शाफ्टचे आटे सुटायला लागलेत.

आट्यांचा आणखी एक सापळा. तीन-अष्टमांश इंची स्क्रू आणि दहा एमएमचा स्क्रू डोळ्यांना सारखेच दिसतात. व्यासात अर्ध्या मिलिमीटरचा फरक, आट्यांच्या अंतरात तर जेमतेम मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा निसटता. इंची स्क्रू मेट्रिक भोकात दोन-तीन फेरे गुमान जातो, मग अडतो. ‘बसला’ असं वाटून जोर लावला की दोन-तीन फेऱ्यांच्या आट्यांवर दोन टन. भोकाचे आटे हातात येतात. अमेरिकी वळणाच्या पंपांत इंची, जपानी-युरोपी वळणाच्या पंपांत मेट्रिक, असा ढोबळ नियम. पण आपल्याकडच्या गाड्यांची वंशावळ इतकी सरमिसळ आहे की नियमावर विसंबू नये. आधी हाताने, पान्याशिवाय, स्टड पूर्ण आत जातो का बघावा. जात असेल तरच तो त्या भोकाचा.

म्हणून डबा विकत घेण्याआधी गॅरेजवाल्याने आपल्या गिऱ्हाइकांच्या गाड्यांची तोंडं बघावीत. नाकाडाला खाच आणि मध्ये आट्यांचं भोक असेल तर वरच्या जोडीचं काम. तोंडाशी नट असेल, तर पुली अर्धचंद्राकृती कीवर बसलेली असते. जपानी पंपांत हे पुष्कळ दिसतं. तिथे पुलरपेक्षा पुली धरून ठेवणारं हत्यार लागतं, म्हणजे पुलीच्या भोकांत दोन खुंट्या अडकवणारा लांब दांड्याचा पाना. ते नसलं की लोक पट्ट्यात स्क्रूड्रायव्हर खुपसून पुली अडवतात आणि कडा तोडतात. तिसरा प्रकार सगळ्यांत सुखाचा: पुली तीन बोल्टांनी एका चकतीवर धरलेली. तिथे फक्त एक गोष्ट लक्षात ठेवायची, पट्टा उतरवण्याआधी बोल्ट ढिले करायचे. पट्टा पुलीला धरून ठेवतो, नाहीतर पुली हातातच फिरत राहते. इतकं साधं, तरी रोज विसरलं जातं.

हत्यारं घ्यायची कुठे? पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी, मुंबईत नागदेवी स्ट्रीट. तिथे एकाच गल्लीत नाशिकच्या सातपूरला बनलेले पाने, जालंधरचे पुलर, चिनी डबे आणि जर्मन-अमेरिकी नावांची महागडी पेटी हे सगळं शेजारी शेजारी मांडलेलं असतं. साधे पाने-पकडी घ्यायच्या तर देशी माल डोळे झाकून घ्यावा, माझं मत स्पष्ट आहे. पण पंपाच्या पुलीचा पुलर हे कमी खपाचं हत्यार, त्यात भेसळ फार. दुकानात उभ्या उभ्या तपासता येईल अशा काही खुणा आहेत. एक बारीक कानस बरोबर ठेवावी आणि अर्ध्या बांगडीच्या ओठाच्या मागच्या बाजूला हलकेच ओढून बघावी. कानस घसरली तर पोलाद कडक केलेलं आहे. कीस निघाला तर ती बांगडी पहिल्याच हट्टी पुलीवर उघडणार. दुकानदार नाक मुरडेल, मुरडू द्यावं. दोन्ही अर्ध्या एकमेकांना लावून पाहाव्यात. फट दोन्हीकडे सारखी हवी. नळी त्यांच्यावर सैल खेळता कामा नये. स्क्रूचं टोक शाफ्टच्या भोकापेक्षा रुंद हवं किंवा डब्यात त्यासाठी टोपी हवी. नाहीतर टोक भोकात शिरून पहिले आटे चिरडतं आणि पुली निघाली तरी परत बसवायची सोय राहत नाही. बसवायच्या नटाखाली खरं बेअरिंग आहे की नुसती पितळी चकती, ते फिरवून पाहावं. पितळ वाईट नाही, ग्रीस लावलं तर चालतं, पण पैसे बेअरिंगचे देऊ नयेत.

आणि लांबी. हे कोणी सांगत नाही. आडव्या इंजिनाच्या गाडीत पुली आणि बॉडीच्या मध्ये हात जेमतेम जातो. तिथे लांब स्क्रूचा पुलर कितीही उत्तम असला तरी लागत नाही. मग ब्रॅकेटसकट पंप बाहेर काढून वाइसमध्ये धरावा लागतो. वाइसमध्ये धरतानाही ब्रॅकेटला किंवा ओतीव अंगाला धरायचं. जुन्या सॅगिनॉ पंपाची तेलाची टाकी पत्र्याच्या डब्यासारखी पंपाला गुंडाळलेली असते, ती जबड्यात धरली की चेपते आणि तिथून गळायला लागते.

बोहरी आळीत मनासारखं मिळालं नाही तर दुसरा रस्ता लेथचा आहे, आणि महाराष्ट्रात तो तुच्छ मानायचं कारण नाही. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, पिंपरी-भोसरीत, सातपूरला नमुना बघून वस्तू उतरवणारे हात आहेत. पुलीचं नाकाड व्हर्निअरने मोजून न्यायचं: खाचेचा तळाचा व्यास, खाचेची रुंदी, ओठाच्या पुढच्या भागाचा व्यास. ईएन-२४ पोलादाचा तुकडा घेऊन आधी अख्खी बांगडी कातायची, ओठ पाडायचा, मग तिचे दोन भाग करायचे. करवतीने कापताना दोन-तीन मिलिमीटर पोलाद भुग्यात जातं, म्हणून एका बांगडीच्या दोन अर्ध्या पूर्ण गोल जुळत नाहीत. शहाणा कारागीर दोन बांगड्या कातून प्रत्येकीचा मोठा भाग वापरतो. मग कडक करून पाणी उतरवायचं. साध्या एमएसची (माइल्ड स्टीलची) बांगडी एखादी पुली काढेल, नंतर तिचा ओठ गोल होऊन खाचेतून निसटू लागेल. निसटताना ती पुलीचीही खाच खाते, आणि खाच गेली की त्या पुलीला हे हत्यार पुन्हा कधीच लागत नाही.

अमेरिकेत यावर एक सोय आहे. तिथल्या मोठ्या स्पेअर पार्टच्या दुकानसाखळ्या अशी हत्यारं अनामत रक्कम घेऊन वापरायला देतात. काम झालं, हत्यार परत केलं की पैसे परत. वर्षातून एकदा लागणाऱ्या वस्तूसाठी हे अगदी योग्य. आपल्याकडे हत्यार मागायला शेजारच्या गॅरेजात जातात, पण तिथे ओळख आणि चहा लागतो, शिवाय परत आणताना स्क्रू वाकलेला निघाला तर भांडण. नाना पेठेसारख्या बाजारात पंप विकणाऱ्यानेच अनामत ठेवून डबा दिला तर त्याचे परत येणारे पंप कमी होतील, असं मला तरी वाटतं. आज गणित उलटं आहे. हत्याराचे पैसे मिस्त्रीच्या खिशातून जातात, बिघडलेल्या पंपाचे गिऱ्हाइकाच्या. मग मिस्त्री हातोडा उचलतो यात त्याचा आळस कमी आणि हिशेब जास्त.

बसवण्याचं काम संपतं कुठे, यावरही थोडं. पुली ‘शेवटपर्यंत’ दाबायची नसते. शाफ्टवर तिला अडवणारा खांदा असेलच असं नाही. जनरल मोटर्सच्या पंपांत नाकाडाचं तोंड आणि शाफ्टचं टोक एका पातळीत आलं की थांबायचं. चालतो तो फरक पाव मिलिमीटरचा. जास्त दाबली तर पुली पंपाच्या अंगाला घासते, कमी दाबली तर पट्टा तिरका धावतो. इतर गाड्यांत पुली किती बाहेर राहते हे काढण्याआधीच मोजून भिंतीवर खडूने लिहून ठेवलेलं बरं. दाबताना दर दोन फेऱ्यांनी थांबून पोलादी पट्टी क्रँकच्या आणि पंपाच्या पुलीवर आडवी धरून पाहावी. जुना व्ही पट्टा थोडा तिरकेपणा सोसायचा. १९७९ नंतर हळूहळू सगळीकडे आलेला, एकाच पट्ट्यावर सगळं चालवणारा चपटा नाळीदार पट्टा सोसत नाही. सकाळी गाडी चालू केल्याबरोबर चिमणीसारखा ओरडतो, आणि लोक पट्ट्यावर पावडर नाहीतर तेल टाकत बसतात.

या सगळ्याचं आयुष्य किती उरलंय, हा प्रश्न रास्त आहे. सुझुकीने १९८८ साली सर्व्हो या छोट्या गाडीत विजेच्या मोटरवर चालणारं स्टिअरिंग आणलं आणि आता नव्या लहान-मध्यम गाड्यांत तेच असतं. तेल नाही, पंप नाही, पुली नाही. पण रस्त्यावर धावणाऱ्या जुन्या डिझेल गाड्या, टेम्पो, ट्रक, बस यांचं काय? शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला जायचं ते संभाजी महाराजांच्या समाधीसाठी. पण त्याच गावात झेडएफ स्टिअरिंग गिअर ही जर्मन सहकार्याने उभी राहिलेली, १९८१ सालची कंपनी अवजड गाड्यांची तेलावरची स्टिअरिंग बनवते. ट्रक-बसच्या पुढच्या धुरीवर कित्येक टन असतात, तिथे तेलाचा दाब इतक्यात निवृत्त होणार नाही. तिथले पंप मात्र पुष्कळदा पट्ट्यावर नाही तर थेट इंजिनाच्या गिअरवर चालतात, आणि गिअर कीवर किंवा निमुळत्या शाफ्टवर नटाने आवळलेला असतो. निमुळता शाफ्ट असेल तर नट पूर्ण काढायचा नाही. दोन फेरे ढिला करून तसाच ठेवायचा आणि मग पुलर लावायचा, कारण ताणाखालचा गिअर सुटतो तो एकदम, गोळीसारखा, आणि समोर बहुधा मिस्त्रीचं तोंड असतं.